पासवर्ड विचारलाच नाही तर?

पासवर्ड मजबूत ठेवा हे ऐकून ऐकून कान किटले असतील. ठेवा की, पण कधीकधी चोराला पासवर्ड लागतच नाही. ऑक्टोबर २०२३ मधे सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीच्या आयओएस एक्सई मधे असंच भोक सापडलं, धोक्याच्या मापात १० पैकी १०. हे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या राउटर-स्विचमधे असतं आणि ते ब्राउझरमधून सांभाळता यावेत म्हणून त्यात एक वेब स्क्रीन दिलेली असते, लोचा तिथेच.

आता गंमत बघा. स्क्रीनच्या मागे दोन प्रोग्रॅम आहेत, पुढचा पत्ता बघून ठरवतो की आत सोडायचं की नाही, मागचा काम करतो. वेब पत्त्यात कुठलंही अक्षर % आणि त्याच्या नंबरने लिहिता येतं, उदा. %७७ म्हणजे डब्ल्यू. खुद्द % चा पण कोड आहे, %२५. म्हणून कोणी %२५७७ पाठवलं की पुढचा ते एकदा उलगडतो, त्याला दिसतं %७७, आणि डब्ल्यूने सुरू होणारा जो पत्ता बाहेरच्यांना बंद ठेवलाय तो हाच हे त्याला कळतच नाही, देतो पुढे ढकलून. मागचा पुन्हा उलगडतो, %७७ चा डब्ल्यू होतो आणि पुढून आलंय म्हणजे तपासलेलंच असणार असं धरून तो कमांड चालवतो! कमांड काय, तर लेव्हल १५ चा नवीन युजर बनव, म्हणजे अधिकारांच्या ० ते १५ पायऱ्यांमधला सगळ्यात वरचा. युजरचं नाव 'सिस्को_टॅक_अॅडमिन', टॅक म्हणजे सिस्कोचा सपोर्ट विभाग, त्यामुळे यादीत बघून कोणाला शंकाही येऊ नये.

पहिला पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, आला २२ ऑक्टोबरला, दोन दिवसांनी दसरा. सर्व्हरला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालणाऱ्यांनी त्याच दिवशी पॅचपण मारला असता तर जास्त पुण्य लागलं असतं.

दुसरं एक भोक वापरून चोरांनी आत छोटा प्रोग्रॅम पण ठेवला होता. रीस्टार्ट केलं की तो जायचा, युजर मात्र तसाच राहायचा. बाहेरून स्कॅन करणाऱ्यांना जगभरात ४० हजारांच्या आसपास बाधित उपकरणं दिसत होती आणि मग आकडा एकदम शेकड्यांवर आला. लोकांना वाटलं साफ झालं, पण चोरांनी फक्त प्रोग्रॅम बदलला होता, आता ठराविक खूण पाठवल्याशिवाय तो स्कॅनला उत्तरच देत नव्हता.