शब्द कोण टाकतं? पर्सनल ब्रँडची पार्श्वभूमी

पर्सनल ब्रँड, म्हणजे कामाच्या जगात स्वतःच्या नावाची ओळख, उभा करा, हा सल्ला आज पहिली नोकरी शोधणाऱ्यापासून निवृत्तीला आलेल्या तज्ज्ञापर्यंत सगळ्यांनाच मिळतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच घेतला जातो की लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या साइटवर नियमित लिहा आणि लोकांच्या नजरेसमोर राहा. हा अर्थ फार जुना नाही, गेल्या दहा-बारा वर्षांतला आहे. त्याआधी हा सगळा विषय वेगळ्याच प्रश्नाभोवती फिरत होता: आपल्यासाठी शब्द कोण टाकेल?

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा निबंध १९७३ साली आला. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांशी तो बोलला होता. ज्यांना कुणाच्या तरी ओळखीतून नोकरी मिळाली, त्यांना त्यानं विचारलं की त्या माणसाची तुमची गाठ किती वेळा पडत असे. वारंवार भेटणाऱ्यांकडून काम झालेले जेमतेम १७ टक्के निघाले. सुमारे ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्या माणसानं मदत केली होती आणि २८ टक्क्यांना वर्षाकाठी एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्यानं. हा गट लहानच होता, पण त्यातून निघालेलं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे आपल्याला ठाऊक असतं तेच त्यांनाही ठाऊक असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातल्या, नुसत्या तोंडओळखीच्या माणसाकडून. पुढच्या पन्नास वर्षांतलं व्यावसायिक नेटवर्किंग या एका निरीक्षणावर उभं आहे, असं मला वाटतं.

ब्रँडची कल्पना मात्र समाजशास्त्रातून आली नाही, ती आली नोकऱ्यांच्या असुरक्षिततेतून. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बड्या कंपन्या आयुष्यभराच्या नोकरीचा अलिखित करार मोडत होत्या. जानेवारी १९९६ मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीनं ४०,००० जागा कमी करण्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी व्यवस्थापन-लेखक टॉम पीटर्स यांनी फास्ट कंपनी या मासिकात लेख लिहून सांगितलं की आता प्रत्येकानं स्वतःला एक कंपनी समजावं आणि तिचं नाव स्वतः सांभाळावं. पर्सनल ब्रँडिंगची चर्चा तिथून पसरली. त्या लेखातला एक भाग मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेला. पीटर्स यांनी सर्वांत जास्त वजन दिलं होतं ते तोंडी प्रसिद्धीला, म्हणजे सहकारी, ग्राहक आणि स्नेही आपल्याबद्दल काय सांगतात याला. स्वतःबद्दल बोलत राहणं हा त्यांच्या मांडणीचा गाभा नव्हता.

त्याच १९९७ मध्ये अँड्र्यू वाइनरिच यांनी सिक्सडिग्रीज ही साइट सुरू केली. आपल्या ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे, अशी साखळी तिथं प्रथमच पडद्यावर दिसू लागली. पण तेव्हा इंटरनेटवर माणसंच कमी होती, आणि साइट काही वर्षांत बंद पडली. तिचं पेटंट २००३ मध्ये रीड हॉफमन आणि मार्क पिंकस या उद्योजकांनी ७ लाख डॉलरला विकत घेतलं. हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं लिंक्डइन त्याच वर्षी ५ मे रोजी खुलं झालं. जर्मनीतली ओपनबीसी ही तशीच साइट, जिचं नाव पुढे झिंग झालं, तीही त्याच वर्षीची.

सुरुवातीचं लिंक्डइन आजच्या वाचकाला ओळखूसुद्धा येणार नाही. पहिल्या महिन्याअखेर सभासद होते ४,५००. प्रोफाइलवर फोटो नव्हता, तो आला २००७ मध्ये. अनोळखी माणसापर्यंत पोचायचं तर मधल्या ओळखीच्या माणसाला विनंती करायची, त्यानं ती पुढे पाठवायची. म्हणजे मधला माणूस स्वतःची पत पणाला लावत असे. ही अडचण म्हणून ठेवलेली नव्हती, व्यवस्थेचा सगळा अर्थच त्यात होता. लेखी शिफारशीही याच काळातल्या: कुणीतरी वेळ काढून, स्वतःच्या नावानं चार ओळी लिहायच्या. २००६ मध्ये प्रोफाइल सार्वजनिक झाली आणि नाव शोधल्यावर तीच समोर येऊ लागली. व्यवहारातला पर्सनल ब्रँड खऱ्या अर्थानं तिथं सुरू झाला.

वळण आलं २०१२ मध्ये. कंपनी आदल्या वर्षीच शेअर बाजारात उतरली होती. सभासदांनी साइटवर रोज यावं आणि रेंगाळावं, याला आता मोल होतं. सप्टेंबरात एका क्लिकनं आपल्या जोडणीतल्या कुणाच्याही कौशल्याला दुजोरा देण्याची सोय आली. माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान इथं झालं, कारण ज्याला काहीच पणाला लावावं लागत नाही त्याच्या दुजोऱ्याला वजन राहत नाही. ऑक्टोबरात ब्रिटिश उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांच्यासारख्या निवडक दीडशेच्या आसपास नामवंतांना लेख लिहिण्याची मुभा मिळाली आणि फेब्रुवारी २०१४ पासून ती सर्वांसाठी खुली होऊ लागली. ओळखींच्या नोंदवहीचं व्यासपीठ झालं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं २६.२ अब्ज डॉलरना लिंक्डइन घेण्याचं जाहीर केलं, तोवर 'कोण ओळखतं' यापेक्षा 'किती जण पाहतात' हा प्रश्न मोठा झाला होता.

लिहिणाऱ्यांना याचा फायदा झाला, हे मान्यच करायला हवं. ज्यांच्या मागे मोठं विद्यापीठ किंवा वजनदार ओळखी नव्हत्या, त्यांना आपलं काम थेट मांडता आलं. जुनी, शब्द टाकणाऱ्यांची व्यवस्था आधीच आत असलेल्यांना झुकतं माप देई. पण पाहणाऱ्यांची संख्या म्हणजे ओळख, हे समीकरण कुणी सिद्ध केलेलं नाही.

उलट, जी मोठी तपासणी झाली ती पुन्हा ओळखींच्याच दिशेनं गेली. २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात लिंक्डइनच्या 'तुम्ही यांना ओळखत असाल' या सूचनांमध्ये पाच वर्षांत केलेले बदल तपासले गेले. त्यात २ कोटींहून अधिक सभासद होते. त्यांना याची कल्पना नव्हती, आणि त्यावर झालेली टीका मला रास्त वाटते. ग्रॅनोव्हेटरचं म्हणणं बऱ्याच अंशी टिकलं, पण दुरुस्तीसह. नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोग झाला तो मध्यम विरळ ओळखींचा, म्हणजे ज्यांच्याशी थोडे सामाईक परिचित आहेत अशांचा. अगदीच परक्यांचा तितका नाही. शिवाय सॉफ्टवेअरचा वापर जास्त असलेल्या उद्योगांत विरळ ओळखी कामी आल्या, तर डिजिटल वापर कमी असलेल्या उद्योगांत घट्ट नातीच जास्त उपयोगी ठरली. सर्वांना सरसकट एकच सल्ला देणाऱ्यांच्या बोलण्यात हा फरक क्वचितच येतो.