कॅक्टसला वावरातली काळी माती देऊ नका

पावसाळा सरत आला की आमच्या कॅक्टसच्या रोपवाटिकेत विकलेली झाडं परत येऊ लागतात. कुणी थैलीत घालून आणतं, कुणी कुंडीसकट मोटरसायकलवर पुढे धरून. म्हणणं एकच असतं, "भाऊ, पाणी जास्त दिलंच नाही, तरी बुडातून सडलं." आम्ही कुंडी उपडी करतो, आणि बहुतेक वेळा आतून काळ्या मातीचा ओला गोळा निघतो, त्यात ओंजळभर शेणखत. झाड घरी नेल्यावर दुसऱ्याच दिवशी मोठ्या मायेनं बदललेली माती. तीच गोष्ट प्रत्येकाला तोंडी सांगता सांगता हंगाम निघून जातो, म्हणून हे पत्रक छापलं आहे. झाडासोबत घरी न्या आणि माती बदलायच्या आधी वाचा.

ज्या मातीत आपली कपाशी, तूर, संत्रा होतो, तिच्यापेक्षा चांगली माती कोणती, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. माती चांगलीच आहे, पण वावरात. तिचे कण अतिशय बारीक असतात. पाणी प्यायली की ती फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात वावरात पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्याच आहेत. हेच कुंडीत घडतं तेव्हा दोन्हीकडून नुकसान होतं. ओली असताना मधला गोळा आठ-पंधरा दिवस ओलाच राहतो, वरून बोट लावलं तर मात्र कोरडी लागते, आणि तुम्ही पुन्हा पाणी घालता. पूर्ण सुकली की ती कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं. तुम्हाला वाटतं झाड पाणी प्यालं, आणि मुळं असतात कोरडीच.

कॅक्टसच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. चिकट ओल्या मातीत हवा शिरत नाही, मुळं गुदमरतात, बुरशी चढते. बाहेरून आठवडाभर काहीच दिसत नाही. एके दिवशी बूड मऊ लागतं, तोवर आतलं सगळं गेलेलं असतं.

संत्र्याच्या बागवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण झाडाला दुहेरी आळं का करतो? पाणी खोडाला लागू नये म्हणून. लागलं की डिंक्या रोग येतो, खोडातून डिंक गळतो. आमच्या वरुड तालुक्यात संत्र्याची कलमं बांधणाऱ्या रोपवाटिका पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आमचंही घर त्याच धंद्यातलं, आणि कॅक्टसकडे वळल्यावर आम्हाला पहिल्यांदा कामी आली ती हीच शिकवण: बुडाशी ओल थांबू द्यायची नाही.

एक प्रश्न हमखास येतो. "बांधावरचा निवडुंग चार महिने पावसात उभा असतो, त्याला काही होत नाही. मग तुमचाच एवढा नाजूक कसा?" प्रश्न रास्त आहे. बांध म्हणजे उंचवटा, पडलेलं पाणी वाहून जातं, आणि मुळं हवी तिकडे पसरतात. कुंडीतल्या मुळांना पळायला जागा नसते. शिवाय बांधावर कुंपणाला असतो तो थोर मुळात कॅक्टस नाहीच. तो युफोर्बियाच्या कुळातला, तोडला की पांढरा चीक निघतो. (तो चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, लहान मुलं असलेल्या घरी जपून.) कॅक्टस जवळजवळ सगळे अमेरिका खंडातले. आपला फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला, पण तो इथल्या पावसाला पुरून उरला. ओळखायची खूण सोपी आहे: कॅक्टसचे काटे लोकरीच्या बारीक ठिपक्यातून फुटतात, थोराला तसा ठिपका नसतो.

मग माती कोणती?

मुरूम. आपल्याकडे कुठंही मिळतो, आणि यातलं निम्मं काम तोच करतो. आम्ही घमेल्यानं मोजतो: दोन घमेली मुरूम, एक घमेलं जाड रेती, एक घमेलं विटांचे तुकडे आणि लाकडी कोळशाचा चुरा मिळून, एक घमेलं जुनं, कोरडं गांडूळखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. मुरूम दोनदा चाळायचा. पहिल्या चाळणीनं मोठे खडे काढायचे, दुसरीनं धूळ. दाणा ज्वारीपासून हरभऱ्याएवढा हवा. धूळ काढायचा कंटाळा केला तर तीच धूळ पहिल्या पाण्याबरोबर खाली बसते, कुंडीचं छिद्र बुजवते, आणि सगळी मेहनत वाया जाते. पांढरट मुरुमात चुनखडी असते. त्यावर लिंबाचा रस पिळून पाहा, फेस आला तर तो घेऊ नका.

काहीजण विचारतात, मुरूम रस्त्याच्या कडेला पडलेला असताना आम्ही मिश्रणाच्या पिशवीचे पैसे का घेतो. पैसे मुरुमाचे नाहीत. चाळण्याचे, धुण्याचे, वाळवण्याचे आहेत. तुमच्याकडे चाळणी आणि एक मोकळी दुपार असेल तर घरीच करा, वर सगळं प्रमाण दिलं आहे, आम्ही काही लपवलेलं नाही. दोन-तीनच कुंड्या भरायच्या असतील तर ५ किलोची पिशवी सोयीची पडते.

गमला मातीचा असला तर उत्तम, कुंभाराकडचा साधा, रंग न दिलेला. त्याच्या अंगातून ओल उडते. प्लास्टिकचाही चालतो, पण बुडाला मोठी छिद्रं हवीत. काचेचा वाडगा किंवा बिनछिद्राचा चहाचा कप दिसायला छान दिसतो, त्यात झाड टिकत नाही, म्हणून आम्ही तसं लावून देत नाही. कितीही आग्रह झाला तरी. आणि कुंडी झाडापेक्षा दोन बोटंच रुंद घ्या. मोठी कुंडी म्हणजे जास्त माती, जास्त माती म्हणजे जास्त दिवस ओल.

पाणी

"रोज एक चमचा देतो," असं बरेचजण अभिमानानं सांगतात. तसं नको. द्याल तेव्हा खालून वाहीपर्यंत द्या, मग माती तळापर्यंत सुकेस्तोवर हात लावू नका. खराट्याची काडी कडेनं बुडापर्यंत खुपसा, मिनिटभरानं काढा. ओली किंवा माती चिकटलेली निघाली तर अजून थांबा. खालची बशी रिकामी करा. तुळशीला पाणी घालता घालता त्याच तांब्यातलं उरलेलं कॅक्टसला घालायची सवय मोडा.

झडीच्या दिवसांत, म्हणजे आषाढ-श्रावणात, कुंड्या टिनाखाली किंवा छपरीत घ्या, पण हवा खेळती राहू द्या. आम्ही तेव्हा बहुतेक झाडांना महिन्यातून एकदा जेमतेम पाणी देतो, काहींना तेही नाही. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत कॅक्टसची विश्रांती, तेव्हाही हात राखून. अडेनियम, म्हणजे फुगीर खोडाचं फुलझाड, थंडीत पानं गाळतं. ते मेलेलं नाही. पानं गळताहेत म्हणून पाणी वाढवलं की त्याचं फुगीर खोड सडतं. थंडीत अशी बरीच अडेनियम आमच्याकडे येतात आणि प्रत्येक वेळी फार वाईट वाटतं, कारण ते झाड निरोगी होतं, झोपलेलं होतं.

उन्हाळ्याचं ऐका. कॅक्टस वाळवंटातला, मग विदर्भाचं ऊन त्याला काय करणार, ही समजूत चुकीची आहे. पारा ४५ च्या वर गेला आणि कुंडी स्लॅबवर तापली की मुळं भाजतात. हिरव्या जाळीखाली वाढलेलं झाड एकदम उन्हात ठेवलं तर कातडीवर पांढरट डाग पडतो, तो कधीच जात नाही. पूर्वेकडची जागा निवडा, सकाळचं ऊन, दुपारी सावली. मे अखेरच्या नवतप्याच्या दिवसांत जाळी लावाच. आणि कूलर चालतो त्या खिडकीत कुंड्या ठेवू नका. तिथं दिवसरात्र दमट हवा आणि पाण्याचे शिंतोडे येतात, भर मे महिन्यात झाडाला झड लागल्यासारखं होतं.

पहिल्यांदा काय न्यावं

कोरफड, स्नेक प्लांट, हॉवर्थिया, जेड, सिरिअस, काटेरी चेंडूसारखे मॅमिलेरिया, आणि जागा असेल तर गोल्डन बॅरल. ही मंडळी आपल्या हवेत चूक सहन करतात. चार-पाचच न्या, एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्यांच्यासोबत काढा, मग पुढची. लाल-पिवळी टोपी असलेला मून कॅक्टस सगळ्यांना आवडतो. ते कलम आहे, जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्रा बांधतो तसंच. वरच्या रंगीत भागात हरितद्रव्य नसतं, तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो, आणि त्याचं आयुष्य थोडंच असतं. हे सांगूनच आम्ही तो विकतो.

एचेव्हेरिया आणि लिथॉप्स मार्च ते सप्टेंबर आम्ही विकत नाही. बहुतेक सक्युलंट (पानांत-खोडात पाणी साठवणारी झाडं) पाणी वाचवायला पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतात, म्हणून त्यांना रात्र थंड लागते. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही अंग भाजतं. तेव्हा विकलं तर पैसे आमचे आणि दुःख तुमचं. नोव्हेंबरमध्ये या, तेव्हा ताजा माल असतो.

आमची झाडं कधी थोडी सुरकुतलेली दिसतात. मुद्दाम कोरडी ठेवलेली असतात, प्रवासात आणि कुंडी बदलताना ती सडत नाहीत. घरी नेल्यावर आठवडाभर सावलीत ठेवा, माती बदलली असेल तर पाच-सहा दिवस पाणी नको. तुटलेली मुळं आधी सुकू द्या.

पिठ्या ढेकूण दिसला, तर कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून पुसून काढा. कपाशीवरच्या फवारणीचं उरलेलं औषध घरातल्या कुंडीवर मारू नका. तो पडवीतला गमला आहे, तिथं मुलं खेळतात.

बूड मऊ झालंच तर वाट पाहू नका. धारदार, स्वच्छ चाकूनं वरचा चांगला भाग कापा. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, पूर्ण स्वच्छ गाभा लागेपर्यंत. मग तो तुकडा आठ-दहा दिवस सावलीत वाळवून कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवा. बरीच झाडं अशी परत उभी राहतात. भीती वाटत असेल तर आमच्याकडे आणा, कापून देण्याचे पैसे घेत नाही.

झाड बदलून देण्याबद्दल: आमच्याच मिश्रणात असलेलं झाड महिन्याच्या आत गेलं तर बदलून देतो. काळ्या मातीत लावलेलं देत नाही. काही ताई यावर नाराज होतात, पण ते झाड आम्ही दिलं तेव्हा निरोगी होतं, आणि दुसरंही त्याच मातीत जाणार असेल तर देऊन उपयोग नाही. मिश्रण घेऊन जा, झाडाची किंमत थोडी कमी करू.

संक्रांतीच्या वाणासाठी छोटी रोपं हवी असतील तर मार्गशीर्षातच सांगा, २५ च्या वर असतील तर नक्कीच. मातीच्या लहान कुंड्या कुंभाराकडून आधी करून घ्याव्या लागतात. प्रत्येक कुंडीसोबत या पत्रकाची एक प्रत देऊ.

आजारी झाडाचा फोटो मोबाईलवर पाठवू नका, कुंडीसकट झाडच घेऊन या. मुळं बघितल्याशिवाय आम्हाला सांगता येत नाही.