अंबरनाथचे शिवमंदिर

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर. उत्तर कोकणचा शिलाहार राजा छित्तराज याच्या काळात त्याच्या बांधकामास आरंभ झाला आणि त्याचा भाऊ मुम्मुणी (मम्वाणी) याच्या कारकिर्दीत ते पूर्ण झाले, असे मानले जाते. उत्तरेकडील दाराच्या तुळईवरील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. महाराष्ट्रातील फार थोड्या मध्ययुगीन मंदिरांचा काळ इतक्या नेमकेपणाने सांगता येतो, आणि म्हणून येथील भूमिज (मंदिराच्या शिखराची एक शैली) बांधणी अभ्यासकांना विशेष मोलाची वाटते.

मंदिर काळ्या पाषाणाचे व पश्चिमाभिमुख असून, मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण या तिन्ही बाजूंस मुखमंडप, म्हणजे प्रवेशद्वारापुढचे छोटे मंडप, आहेत. बाहेरची भिंत कुठेही सरळ जात नाही. ती सतत कोनाकोनांनी पुढे येते आणि मागे सरते. हे कोन भिंतीच्या माथ्याशी संपत नाहीत, तर त्यांच्या उभ्या रेषा तशाच वर शिखरात चढतात. भूमिज शिखराचे मर्म याच रचनेत आहे : चार दिशांना तळापासून निघालेल्या चार जाळीदार लता (उभे नक्षीदार पट्टे), आणि त्यांच्या मधल्या जागेत एकावर एक रचलेल्या, वर जाताना लहान होत गेलेल्या शिखराकृतींच्या ओळी. माळव्यातील उदयपूर येथील परमारकालीन उदयेश्वर मंदिरात हीच शैली अखंड शिखरासह दिसते. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग मात्र आज शिल्लक नाही.

मूर्ती भिंतीवर लावल्यासारख्या वाटत नाहीत, कारण त्यांना जागा भिंतीच्या कोनांनीच दिलेली आहे. तळाच्या थरांवर हत्ती व मनुष्याकृतींच्या ओळी, त्यांच्या वर जंघेवर, म्हणजे भिंतीच्या मुख्य भागावर, देवता आणि सुरसुंदरी (स्वर्गीय स्त्रिया), असा हा चढता क्रम आहे. नटराज, गजासुरवध करणारा शिव, चामुंडा, तसेच विष्णू, शिव, ब्रह्मा व सूर्य यांना एकाच देहात आणणारी संयुक्त मूर्ती ही येथील लक्षणीय शिल्पे होत. पावसापाण्याने पुष्कळ चेहरे झिजले आहेत. तरीही सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीच्या घड्यांमधून सावल्या पडू लागल्या की देहांची वळणे स्पष्ट उठून दिसतात. हे मंदिर पाहावे ते त्याच वेळी.

आत चार कोरीव खांबांनी तोललेले मंडपाचे छत आवर्जून पाहण्याजोगे आहे. दगडाची वर्तुळे एकात एक सरकत मध्याशी मिटतात. मंडपातून गर्भगृहात जाताना मात्र वर न चढता सुमारे वीस पायऱ्या खाली उतरावे लागते. तळाशी शिवलिंग आहे, आणि त्यावरचा प्रकाश तुटलेल्या शिखराच्या उघड्या माथ्यातून येतो.

१८६८ मध्ये मुंबई सरकारने येथील शिल्पांचे साचे व रेखाटने करवून घेतली. मंदिर आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असले, तरी तेथे नित्य पूजा चालते आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.