चेहरा प्लास्टिकचा का दिसतो?

डिजिटल चित्रात माणूस रंगवताना नवखा चित्रकार हमखास एक सोपी वाट धरतो. त्वचेचा एक रंग निवडायचा, उजेडाकडे त्यात पांढरा मिसळायचा, सावलीकडे काळा, आणि मऊ ब्रशने सगळं घोटून काढायचं. नाकडोळे बिनचूक येतात, तरी चेहरा प्लास्टिकचाच दिसतो. मग तो रंध्रं आणि सुरकुत्या काढत बसतो. दुखणं तिथे नसतंच.

त्वचा म्हणजे रंग दिलेली भिंत नव्हे. समोरून पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम विसावा हिस्सा तिच्या पृष्ठभागावरून थेट परततो. नाकाच्या शेंड्यावरची चकाकी ती हीच. म्हणून तिचा रंग त्वचेचा नसतो, दिव्याचा असतो. बाकीचा प्रकाश आत शिरतो. तिथे मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य आणि रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा भाग बराचसा शोषून घेतात. लाल प्रकाश मात्र आतल्या आत भटकतो आणि शिरला तिथून थोडा दूर, भलत्याच जागी बाहेर पडतो. अंधारात टॉर्चवर बोट दाबून धरलं की हे लगेच दिसतं.

त्यामुळे चेहऱ्यावर उजेड संपून सावली सुरू होते, त्या सीमेवर लाल प्रकाश थोडा सावलीत झिरपतो. तिथे रंग मळत नाही, उलट तापतो. काळा मिसळणारा नेमका हाच पट्टा मारून टाकतो. गडद त्वचेत मेलॅनिन जास्त, म्हणून हा पट्टा फिका आणि चकाकी ठळक. गोऱ्या आणि गडद त्वचेला एकच कृती चालत नाही. संगणकाला हे हिशेबाने करायला शिकवणारी व्यवहार्य पद्धत संगणक-चित्रणाचे संशोधक हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडली. या कामाला 2004 मध्ये तांत्रिक ऑस्कर मिळालं.

सॉफ्टवेअरही थोडं दगा देतं. रंगाचा 0 ते 255 हा आकडा प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाही: 128 म्हणजे निम्मा नव्हे, सुमारे 22 टक्के प्रकाश. पुष्कळ प्रोग्रॅम थेट हे आकडेच मिसळतात, म्हणून उबदार उजेड आणि थंड सावली यांच्या मधोमध राखाडी चिखल होतो. मधला रंग ब्रशवर न सोडता स्वतः निवडावा, किंचित लालसर आणि जास्त चटकदार छटेचा.

राहिले डोळे. त्यांतला पांढरा भाग गोलाकार असतो, शिवाय वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. गोऱ्या चेहऱ्याच्या फोटोत तिथला रंग पिकरने, म्हणजे रंग उचलायच्या साधनाने, उचलून पाहा. पुष्कळदा तो उजेडातल्या कपाळापेक्षा गडद निघतो.