स्मार्ट दिव्याचं आयुष्य त्याच्या बुडाशी ठरतं

स्मार्ट लायटिंगचा बाजार येत्या काही वर्षांत कैक पटींनी वाढणार, अशा बातम्या हल्ली सतत वाचायला मिळतात. आवाजावर लागणारे, रंग बदलणारे, खोलीत कुणी नसलं की आपोआप विझणारे दिवे त्यांत असतात. पण असा दिवा बडोद्यात ऐन मे महिन्यात, गच्चीच्या स्लॅबखालच्या पीओपीमध्ये बसवला तर किती टिकेल, हे त्यांत कुणी लिहीत नाही. या धंद्याची वाढ कुठे अडली आहे, हे शोधायचं तर ॲप बाजूला ठेवून बल्बच्या बुडात डोकवावं लागतं. तिथे करंगळीच्या टोकाएवढा एक कपॅसिटर बसलेला असतो.

खोक्यावर ‘२५,००० तास’ असं छापलेलं असतं. चांगल्या एलईडी चिपच्या बाबतीत हा आकडा सहज खरा ठरतो. चिप सहसा एकाएकी मरत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू मंद होत जाते. बल्ब पट्कन जातो तेव्हा अनेकदा गेलेला असतो तो चिपला वीज पुरवणारा ड्रायव्हर.

ड्रायव्हर लागतो कशाला? आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची. तिचा दाब सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि शंभर वेळा सुमारे ३२५ व्होल्टच्या शिखरावर जातो. एलईडीला मात्र एकाच दिशेने वाहणारा, स्थिर करंट हवा असतो. म्हणून आलेली वीज आधी एकदिश करायची आणि मधल्या खड्ड्यांत पुरेल इतका साठा हाताशी ठेवायचा. नळाला पाणी थांबून थांबून येत असताना घरात सलग धार पडावी म्हणून टाकी ठेवतात, तेच काम इथे कपॅसिटर करतो. ९ वॉटच्या बल्बला दोन शिखरांमधल्या १० मिलिसेकंदांत ०.०९ ज्यूल ऊर्जा लागते. १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरला की त्यात अर्ध्या ज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा मावते. म्हणजे साठा भरपूर आहे.

अडचण आहे ती कपॅसिटरच्या घडणीत. एवढ्याशा जागेत इतका साठा स्वस्तात बसवायचा तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरावा लागतो. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये द्रवात भिजवलेला कागद, सगळ्याची गुंडाळी करून डबीत भरलेली आणि तोंडाशी रबराचं बूच. एका पट्टीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तोच खरा विद्युतरोधक आणि त्याच्या पातळपणामुळेच एवढा साठा शक्य होतो. पण डबी तापली की आतल्या द्रवाची वाफ होते आणि बुचातून थोडी थोडी निसटत राहते. द्रव घटला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. रोध वाढला की त्यातून जाणारा तोच करंट जास्त उष्णता तयार करतो आणि द्रव आणखी वेगाने सुकतो. एकदा हे चक्र सुरू झालं की शेवटचे काही आठवडे दिवा फडफडतो आणि मग विझतो.

रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो, याचं समीकरण स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली मांडलं. त्यावरून इंजिनिअर मंडळी एक ठोकताळा वापरतात: दर १० अंशांनी तापमान उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट, चढलं की निम्मं. १०५ अंशांना २,००० तास चालणारा स्वस्त कपॅसिटर ९५ अंशांना ४,००० तास चालेल. रोज ६ तास दिवा लावला तर ही दोन वर्षंही होत नाहीत. त्याच जागी ५,००० तासांचा कपॅसिटर घेतला आणि बुडाचं तापमान ८५ अंशांवर राखलं, तर २०,००० तास मिळतात, म्हणजे नऊ वर्षं. खोक्यावर दोन्ही बल्बांचं वर्णन सारखंच असू शकतं. म्हणून खोक्यावरच्या आकड्यापेक्षा बल्बला हवा मिळते की नाही हे आधी पाहावं. बंद काचेच्या गोळ्यात किंवा फॉल्स सीलिंगच्या खोबणीत बसवलेला बल्ब उघड्या होल्डरातल्या बल्बहून कितीतरी जास्त तापतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यावर आणखी भर पडते.

आता याच तापलेल्या बुडात फोनचे हुकूम ऐकणारा रेडिओ आणि ते अमलात आणणारी छोटी संगणक-चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, बसवला की झाला स्मार्ट बल्ब. जागा तेवढीच, उष्णता मात्र वाढली. शिवाय हा बल्ब कधी पूर्ण बंद होत नाही. फोनवरून विझवला तरी पुढच्या हुकुमाची वाट पाहत तो जागाच राहतो. त्याला अर्धा वॉट लागतो असं धरलं तर वर्षाला चार युनिटांहून थोडी जास्त वीज नुसतं ऐकण्यात जाते, आणि ९ वॉटचा बल्ब रोज चार तास लावला तर वर्षाला साधारण १३ युनिटं लागतात. त्याहून मोठा तोटा मला दुसराच वाटतो. भिंतीवरच्या बटणाने बंद केलेला साधा बल्ब लाइनवरच्या दाबाच्या झटक्यांपासून सुटतो, स्मार्ट बल्ब मात्र चोवीस तास त्यांच्या तोंडी असतो. आणि आजीने सवयीने बटण बंद केलं की त्याची सगळी हुशारी तिथेच संपते.

किमतीचीही अडचण आहे. उजाला योजनेसाठी एलईडी बल्बची सरकारी खरेदी २०१४ मध्ये ३१० रुपयांना होत होती, ती २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. देशासाठी ही फार मोठी गोष्ट झाली, पण त्यामुळे बल्ब ही स्वस्त वस्तू असं गिऱ्हाइकाच्या मनात पक्कं बसलं आणि महागडा स्मार्ट बल्ब त्याच्या गळी उतरवणं अवघड झालं.

माझ्या मते आपल्या घरांसाठी हुशारीची योग्य जागा स्विचबोर्डाच्या मागे आहे. कंट्रोलरचं छोटं मॉड्यूल तिथे थंड राहतं, भिंतीवरचं बटण नेहमीसारखं चालतं आणि बल्ब गेला तर साधा बल्ब लावता येतो. या मॉड्यूलला चालायला वीज आणणाऱ्या फेजच्या तारेबरोबर परतीची तार, म्हणजे न्यूट्रलही लागतो. अमेरिकेतल्या जुन्या घरांत स्विचच्या डबीत अनेकदा न्यूट्रल नसतो, त्यामुळे तिथे हे काम अडतं. आपल्याकडे त्याच बोर्डावर सहसा प्लगही असतो, म्हणून न्यूट्रल आलेला असतो. भारतातल्या वाढीला ही मोठी अनुकूल गोष्ट आहे आणि तिची चर्चा फार कमी होते.

जिन्यातल्या एकट्या बटणाशी मात्र न्यूट्रल नसतो. तिथे बिनन्यूट्रलचं मॉड्यूल बसवलं तर ते स्वतःपुरता किंचित करंट बल्बमधूनच ओढतं. त्या करंटने ड्रायव्हरमधला कपॅसिटर हळूहळू भरतो, पुरेसा भरला की बल्ब क्षणभर लुकलुकतो, कपॅसिटर रिकामा होतो आणि पुन्हा भरायला लागतो. बटणावरच्या निऑन दिव्यामुळे किंवा लांबवर समांतर गेलेल्या वायरींमुळे साध्या एलईडीतही हे घडतं. बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या जुन्या वाड्यांत बंद जिन्यात रात्री दिवा आपोआप लुकलुकला की कुणी बाधा म्हणतं, कुणी वास्तुदोष काढतं. तिथे वायरमन बोलवावा. बल्बला समांतर एक योग्य कपॅसिटर जोडला की हा प्रकार थांबतो.

कंपन्यांच्या आपसातल्या भाषेची अडचण हळूहळू सुटते आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून २०२२ मध्ये मॅटर हे मानक आलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि गिऱ्हाइकांचं ॲप निकामी झालं. म्हणून इंटरनेटशिवाय, घरातल्या घरात चालणारं उपकरणच घ्यावं.

वाढीची सर्वांत मोठी जागा मला रस्त्यांवर दिसते. राष्ट्रीय कार्यक्रमातून देशात सव्वा कोटीहून जास्त एलईडी पथदिवे बसले आहेत. त्यांची बरीच नियंत्रण-पॅनेलं खांबांचा अख्खा गट एकदम चालू-बंद करतात. प्रत्येक खांबाला स्वतंत्र कंट्रोलर दिला तर मध्यरात्रीनंतर रिकाम्या रस्त्यावरचा दिवा निम्म्या करंटवर आणता येतो. त्यात वीज वाचतेच, शिवाय ड्रायव्हर थंड पडतो आणि कपॅसिटरचं आयुष्यही वाढतं. एलईडीचे सुटे भाग आणि ड्रायव्हर देशात बनावेत म्हणून २०२१ मध्ये ६,२३८ कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली, तीत एअर कंडिशनरही आहेत. विद्युत उपकरणांची चाचणी करणारी इर्डा ही संस्था तर १९७४ पासून आपल्या बडोद्यातल्या मकरपुऱ्यातच आहे. पालिकेने दिव्यांच्या निविदेत वॉट आणि ल्युमेन (प्रकाशाचं माप) यांसोबत दोन आकडे आणखी मागावेत: ४५ अंशांच्या हवेत ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं तापमान किती जातं, आणि दिवा किती किलोव्होल्टचा झटका सोसतो.