बातमी आली तेव्हा तुम्ही कुठे होतात?

३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार. सकाळी साडेनऊच्या आत दिल्लीत इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या, पण आकाशवाणीने त्यांच्या निधनाची बातमी दिली ती संध्याकाळी सहा वाजता. त्याआधी बीबीसी लावणाऱ्यांना ती कळली होती आणि तिथून ती तोंडोतोंडी फिरली. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. कोकणात भात कापून खळ्यात येत होतं आणि टीव्ही गावात एखाद्याच घरी असला तर असायचा.

आज मालवणपासून मुरुडपर्यंत कुठल्याही वाडीत साठीच्या माणसाला त्या दिवसाबद्दल विचारा. बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता सांगतील: कोण सांगत आलं, आपण काय करत होतो, घरात कोण होतं. त्या वर्षीच्या बाकी एकाही बुधवारचं काही आठवणार नाही, पण हा बुधवार अगदी डोळ्यांसमोर असतो. त्यातले काही जण मात्र सकाळीच टीव्हीवर बघितल्याचं सांगतील. माणूस प्रामाणिक असतो, आठवण स्पष्ट असते आणि तरीही ते तसं घडलेलं नसतं. हे कसं होतं, यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे.

हा प्रश्न जुना आहे. अब्राहम लिंकन यांच्यावर १८६५ मध्ये गोळी झाडली गेली. त्यानंतर तीसेक वर्षांनी कोलग्रोव्ह नावाच्या अमेरिकन संशोधकाने १७९ वयस्कर लोकांना विचारलं, ‘ती बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ १२७ जणांनी जागा, सोबतची माणसं असे बारीकसारीक तपशील दिले. १९७७ मध्ये रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी अशा आठवणींना ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ हे नाव दिलं. जबर धक्का बसला की त्या क्षणाचं सगळं चित्र मेंदूत कायमचं छापलं जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी लख्ख आठवण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये कितीतरी अधिक जणांकडे होती. कुठली घटना अशी रुतून बसते, हे ती किती मोठी यापेक्षा ती आपली किती यावर ठरतं.

कोकणी माणसाला हे वेगळं सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता, त्या गडबडीत ही बातमी देशाच्या स्मरणात राहिली नाही. अलिबागच्या पट्ट्यातल्या घरांमध्ये मात्र ती पिढ्यान् पिढ्या राहिली. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांचंही तसंच. २५७ माणसं मेली. त्यासाठीची काही स्फोटकं श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती, हे पुढे तपासात निघालं. पण त्या दिवशी कोकणात लोकांच्या मनात एकच होतं: आपला माणूस घरी पोचला का? ज्या घरचा मुलगा गिरणीत, बंदरात नाहीतर बँकेत आहे, त्या घराला मुंबईची बातमी परगावची वाटतच नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर गोळीबार झाला, आणि कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास तिथूनच सुटायची.

आता मेंदूत काय होतं ते पाहू. धक्का बसला की शरीरात अॅड्रिनलिन आणि त्याच्या जातीची रसायनं वाढतात. भावनांशी जोडलेला अमिग्डला हा भाग जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसमध्ये आठवण पक्की होण्याच्या कामाला जोर देतो. लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांनी १९९४ मध्ये हे छान दाखवलं. त्यांनी काही लोकांना एका मुलाच्या अपघाताची गोष्ट चित्रांसह सांगितली, पण आधी त्यातल्या काहींना अॅड्रिनलिनचा परिणाम रोखणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली होती. एरवी गोष्टीतला हृदयद्रावक भागच जास्त लक्षात राहतो. गोळी घेतलेल्यांना तो बाकी गोष्टीपेक्षा जास्त काही आठवला नाही. म्हणजे भावना आठवणीला बळ देते, हे ब्राउन आणि कुलिक यांचं म्हणणं खरं ठरलं. पण चित्र कायमचं छापलं जातं, हे काही टिकलं नाही.

त्याला धक्का दिला मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी नाइसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे कळली, कोणाकडून कळली, तेव्हा काय करत होतात. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचं एकही मुख्य उत्तर जुळेना, आणि यातले कित्येक जण आपल्या उत्तराबद्दल ठाम होते. स्वतःच्या हातचा कागद समोर ठेवला तरी काहींना तो पटेना. बातमी टीव्हीवरून कळली असं सुरुवातीला पाचातल्या एकानेच लिहिलं होतं. नंतर जवळजवळ निम्मे तसं सांगू लागले.

आपल्याकडच्या सकाळच्या टीव्हीचं उत्तर इथे आहे. माणूस पाहिलेलंच सांगतो, फक्त वेळ सरकलेली असते. तीन नोव्हेंबरची अंत्ययात्रा शेजाऱ्याच्या टीव्हीवर दाटीवाटीने पाहिली, ती दृश्यं पुढे प्रत्येक पुण्यतिथीला पुन्हा दिसली. खळ्यात कोणीतरी येऊन दबक्या आवाजात सांगितलं, त्या क्षणाला चित्र नव्हतं. मग चित्र असलेली आठवण त्या जागी येऊन बसली.

आमच्या घरातलंच सांगते. राजीव गांधींची हत्या २१ मे १९९१ च्या रात्री दहाच्या पुढे झाली, त्यामुळे गावाला ती कळली दुसऱ्या दिवशी सकाळी. मावशी सांगते, खळ्यात उन्हाला फणसाची साठं घातली होती, ती कावळ्यांपासून राखत बसले होते; पडवीत तुझी आई आठळ्या सोलत होती, आणि एसटी थांब्यावरून कोणीतरी सायकलने सांगत आलं. मामा म्हणतो, सायकल-बियकल काही नाही, मीच रेडिओवरच्या सकाळच्या बातम्या ऐकल्या आणि ओरडत बाहेर आलो. माझ्या आईचं नाव निघालं की तो हमखास म्हणतो, ‘ती त्या मे म्हयन्यात इलीच नाय.’ दोघं एकाच घरात होती. दोघांनाही त्या सकाळच्या उन्हाची तिरीपसुद्धा आठवते, आणि दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही. आईला पडवीत ठेवणारी मावशी बहुधा दहा वेगवेगळ्या मे महिन्यांतली पडवी एका सकाळी आणून बसवते आहे.

कारण आठवण काढणं म्हणजे ती नव्याने करणं. पावसात खळं वाहून जातं, दिवाळीच्या सुमारास नवी माती घालून, चोपून, शेणाने सारवून ते पुन्हा केलं जातं, आणि आपण त्याला आजोबांच्या वेळचं खळं म्हणतो. आठवणीचंही तसंच आहे. दर वेळी सांगताना थोडी नवी माती पडते, आणि ज्या घटनेबद्दल आपण सर्वांत जास्त बोलतो, तिच्यात ती सर्वांत जास्त पडते.

मग या आठवणी साध्या आठवणींहून वेगळ्या त्या कशात? जेनिफर टॅलारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी १२ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या: एक हल्ल्याच्या बातमीची, दुसरी त्याच दिवसांतल्या एखाद्या साध्या प्रसंगाची. पुढच्या महिन्यांत दोन्ही सारख्याच वेगाने ढासळल्या. फरक पडला तो विश्वासात. साधी आठवण धूसर झाली की माणसाला ते जाणवत होतं. हल्ल्याची आठवण तितकीच बदलूनही लख्ख आणि खात्रीची वाटत राहिली. विल्यम हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच माग दहा वर्षं ठेवला. विसर पडतो तो मुख्यतः पहिल्या वर्षात. त्यानंतर गोष्ट बऱ्यापैकी स्थिर होते, चुकांसकट. आणि सर्वांत वाईट लक्षात राहतं ते तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं हे. त्या दिवशीची भीती आपण आजच्या मनाने आठवतो.

ज्यांच्या अंगावरून घटना गेली त्यांचं थोडं वेगळं असतं. न्यूयॉर्कच्याच हल्ल्यानंतर तीन वर्षांनी टाली शॅरट यांच्या गटाने मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा जे हल्ल्याच्या अगदी जवळ होते, त्यांच्यात त्या दिवसाच्या आठवणीने अमिग्डला विशेष जागा होताना दिसला. काही मैलांवर असलेल्यांमध्ये तसं नव्हतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये माळ्यावर बसून पुराचं पाणी चढताना पाहणारा आणि त्याच दिवशी दादरला फोन लावत बसलेला त्याचा भाऊ, या दोघांच्या आठवणी एकाच मापाने मोजू नयेत.

म्हणून वडीलधाऱ्यांच्या आठवणी टिपायच्या असतील, आणि त्या टिपायला हव्यातच, तर दोघांना एकत्र बसवून विचारू नका. वेगवेगळं विचारा. एकाचं ऐकून दुसरा नकळत आपली गोष्ट बदलतो. शेतात काय चालू होतं, हे आधी विचारा. इंदिराबाईंच्या दिवशी पायाला लावणीचा चिखल असेल, तर दोन दिवस एकमेकांत मिसळले आहेत; मोसम हा आपल्याकडचा चांगला साक्षीदार आहे. नाइसर यांचीही स्वतःची चूक अशीच सापडली. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर हल्ला केला, त्या दिवशी आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, असं त्यांना वर्षानुवर्षं आठवे, आणि एक दिवस लक्षात आलं की डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत. तेव्हा तो बहुधा फुटबॉलचा सामना असावा, असं नंतर इतर संशोधकांनी सुचवलं.

आणि माळ्यावरची ट्रंक उघडा. मुंबईला धाडलेली आणि मुंबईहून आलेली आंतरदेशीय पत्रं, मनीऑर्डरच्या कुपनांवरच्या दोन ओळी, खर्चाच्या वह्या. तारीख घातलेला, त्याच आठवड्यात लिहिलेला कागद संशोधकांना मुद्दाम तयार करून घ्यावा लागतो. कोकणातल्या घराघरांत तो चाकरमान्यांमुळे आपोआप साठला आहे, आणि वाळवी लागायच्या आत त्याचे फोटो काढायला हवेत. पुढच्या वेळी अशी बातमी कानावर आली, तर त्याच रात्री चार ओळी लिहून खाली तारीख घाला, आणि घरातल्या प्रत्येकाला आपापल्या वेगळ्या लिहायला सांगा.