डीएसटी फाइलमधून चित्र परत का मिळत नाही?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम जवळ आला की जर्सीवर लोगो भरून घ्यायची घाई सुरू होते. अशा वेळी तालमीच्या संघाच्या जुन्या लोगोची डीएसटी, म्हणजे भरतकामाच्या मशीनला लागणारी फाइल तेवढी सापडते, मूळ चित्र मात्र गहाळ झालेलं असतं. फ्लेक्सवाला तर व्हेक्टर मागतो, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणारं, गणिती रेषांचं चित्र. डीएसटीचं व्हेक्टर करून देणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण त्यातून हाती येतात हजारो तुटक रेघा. याचं मूळ दीडशे वर्षांहून जुनं आहे.

१८६३ साली स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने शिफली हे भरतकामाचं मशीन बनवलं. कारागीर सहापट मोठ्या केलेल्या नक्षीवरून एकेका टाक्याला दांडा सरकवायचा आणि कापडाची चौकट त्याच्या सहाव्या हिश्शाने सरकायची. पुढे ग्रोब्लीच्या मुलाने कारागिराची जागा भोकं पाडलेल्या पट्टीला दिली. त्या पट्टीत चित्र नव्हतंच. चौकट किती आणि कुठे सरकवायची, एवढंच होतं.

पट्टी गेली, फ्लॉपी आली, आता पेन ड्राइव्ह आहे. आतला मजकूर तोच. जपानच्या ताजिमा कंपनीच्या डीएसटीत प्रत्येक टाक्याला तीन बाइट: आडवं किती, उभं किती, तेही मिलिमीटरच्या दहाव्या भागात. एका हालचालीची मर्यादा १२.१ मिलिमीटर. रंगसुद्धा नोंदलेला नसतो. दोरा बदलायची जागा आली की मशीन फक्त थांबतं. पुढे भगवा लावायचा की काळा, हे ऑपरेटरकडच्या कागदावर.

व्हेक्टरचं घराणंच वेगळं. १९६०च्या दशकात रेनो कंपनीत पिएर बेझिए मोटारींच्या बॉडीचे वळसे गणिताने मांडत होते. त्याच वक्ररेषा आज कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. २००१ साली मानक ठरलेल्या एसव्हीजी या व्हेक्टर फाइलमध्ये वर्तुळ म्हणजे मध्यबिंदू आणि त्रिज्या. डीएसटीत तेच वर्तुळ म्हणजे शेकडो टाके.

आणि ते गोलही नसतं! दोऱ्याच्या ताणाने कापड टाक्याच्या दिशेने आकसतं, म्हणून पंचिंग करणारा, म्हणजे चित्रावरून टाक्यांची फाइल बनवणारा, वर्तुळ त्या दिशेने मुद्दाम थोडं रुंद करतो. स्क्रीनवर लंबगोल, जर्सीवर गोल. डीएसटीचं परत व्हेक्टर केलं की तो लंबगोलच परत येतो, शिवाय वरच्या भरणीखाली दडलेले अंडरलेचे, म्हणजे आधाराच्या थराचे टाकेही रेघा होऊन वर येतात. चांगल्या पंचिंगचं कसब ज्यात दिसतं, तेच इथे आडवं येतं.

व्हेक्टरवरून टाके करणं त्या मानाने सोपं. इंकस्केपवर चालणारं इंक-स्टिच हे काम फुकटात करतं. पण कुठला भाग आधी भरायचा, टाका कोणत्या दिशेने घालायचा, भरण किती दाट ठेवायची, हे माणसानेच ठरवावं लागतं. साटनमध्ये, म्हणजे लागून भरलेल्या चकचकीत टाक्यांत, ओळींचं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर धरतात, तरी पिकेच्या (खडबडीत विणीच्या) टी-शर्टला आणि टोपीला एकच फाइल चालवली तर काम बिघडतं.

म्हणून पंचिंगचे पैसे देतानाच डीएसटीबरोबर मूळ कामाची फाइलही मागून घ्यावी. विलकॉम या पंचिंगच्या सॉफ्टवेअरच्या ईएमबी फाइलमध्ये आकारांच्या कडा, टाक्याचा प्रकार आणि दाटपणा टिकून राहतो. ती नसेल, तर डीएसटीच्या मागे न लागता नीट भरलेला, न धुतलेला जुना बिल्ला स्कॅन करावा आणि त्यावरून कडा नव्याने काढाव्यात. खरा गोल आकार कापडावरच उतरलेला असतो.